तिसरं रीळ

लुडविक पाश्कोव्स्की गेला तेव्हा
टोलीडोतल्या आम्हा सातजणांना वाईट वाटलं,
आणि मग, खोटं कशाला बोलू,
चर्चच्या पायऱ्या उतरतानाच
एकमेकांची नजर चुकवत
आम्ही त्याच्या तळघराचा विचार केला.

'उसनी टोपी' त्याच्याकडे होती.
सोळा मिलिमीटर, सन सव्वीस,
पाच रिळांपैकी चार.
तुम्ही नाव ऐकलं नसेल. कुणीच ऐकलेलं नसतं,
म्हणून तर आमचा जीव तिच्यावर.
नायकानं पुढे फ्रेस्नोत रंगाचं दुकान काढलं,
नायिका कुठं गेली
ते तिच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता आलं नाही.

गोष्ट एवढीशी:
लिफ्ट चालवणारा पोरगा, हातमोजे विकणारी पोरगी.
दोघंही एकाच लाँड्रीतून
परक्या श्रीमंतांचे धुतलेले कपडे
सहाच्या ठोक्याला परत करायच्या बोलीवर आणतात
आणि दुपारभर
एकमेकांना टोपी घालतात.
दुसऱ्या रिळाच्या शेवटी पावणेसहा.
तो उसनं अवसान आणून तोंड उघडतो.
पांढरा पडदा.
चौथं रीळ लागतं तेव्हा
दोघं लाँड्रीच्या मागच्या दारी
उकिडवी बसून एकच सफरचंद खाताहेत,
बोलायचं ते केव्हाच बोलून झाल्यासारखी.

मधे काय झालं?
या एका भोकावर आम्ही तीस वर्षं काढली.
ऑर्विल म्हणायचा, तिनं थोबाडीत दिली असणार.
ऑर्गन वाजवणारी थेल्मा
त्या कोऱ्या जागेत दर वेळी निराळं वाजवायची;
एकदा मांडीवर हात ठेवून नुसतीच बसली,
त्या रात्री टाळ्या सगळ्यांत जास्त.
लुडविक वाद घालायचा नाही.
डबा फिरवून बिस्किटं वाटायचा.

याद्विगानं किमती आधीच काढून ठेवल्या होत्या,
त्याच्या वहीतून, पेन्सिलीनं,
पाच-पाच डॉलर वाढवून.
तळघरात जुन्या फिल्मचा आंबूस वास,
लोणच्याची बरणी उघडी राहिल्यासारखा.
मी पैसे मोजत होतो, तेव्हा तिनं
तोच बिस्किटांचा डबा पुढं ओढला.
वर बटणं, खाली मेणकापड,
मेणकापडात रीळ.
"हे विकायचं नाही," ती म्हणाली.
"बघायचं तर प्रोजेक्टर तूच लाव.
मला तो पट्टा चढवता येत नाही."

फिल्म कडेनं वाकडी झालेली,
चित्र धूसर व्हायचं, पुन्हा उमटायचं,
भिंतच श्वास घेतेय असं वाटायचं.
तो तोंड उघडतो. शब्द नाही, पाटी नाही.
ती चवड्यांवर उभी राहते,
त्याची कॉलर उलटते,
आतून लाँड्रीची चिंधी बाहेर काढते: दोनशे बारा.
मग स्वतःची बाही मुडपून दाखवते.
दोनशे तेरा.
आणि हसताना ती एकदाच,
चुकून,
सरळ कॅमेऱ्यात बघते.

"साठ साली," याद्विगा म्हणाली,
"काचेच्या कारखान्यातून डबल शिफ्ट करून आला,
भावाचा कोट घालून,
आणि मला एवढंच दाखवलं.
बोलायचं त्याला कधी जमलंच नाही.
मग मी त्याची कॉलर उलटली."
"चिंधी होती?"
"भावाचं नाव होतं. शाईनं.
स्पेलिंग चुकलेलं."
बटणं तिनं पुन्हा वर पसरली,
काळी एकीकडे, शिंपल्याची एकीकडे,
मी तिथं नसल्यासारखी.

चार रिळं घेऊन मी घरी आलो.
येत्या गुरुवारी ती ऑर्विलकडे लावली.
पावणेसहा वाजले.
पांढरा पडदा.
थेल्मानं पट्ट्यांवर बोटं टेकवली
आणि माझ्याकडे बघितलं.
ऑर्विल म्हणाला, थोबाडीत. मी सांगतो ना, थोबाडीत!
"असेल," मी म्हटलं.

"मग तू सारखा मानेमागं काय चाचपतोस?"
थेल्मानं विचारलं.